दोन पोती युरिया

भर दुपारी थोरली डोहात कमरेइतक्या पाण्यात उभी राहून तळाचं गवत बघत होती. उन्हानं पात्यांवर बारीक बुडबुडे चढले होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"श्वास सोडतंय बघा गवत," ती काठावर जाळं शिवणाऱ्या नवऱ्याला म्हणाली. "अन् आत माशांची पिल्लं आहेत. नखाएवढी."

"हळू बोल. धाकट्याला कळलं तर तीही खाईल," नवरा म्हणाला.

हा डोह धाकट्या दिरानंच मारला होता. त्याचं रान वरच्या अंगाला. पोत्यानं युरिया फेकायचा, आणि पाऊस आला की सगळा नदीत. पाण्यावर हिरवी साय धरली, खाली ऊन पोचेना, तळाचं गवत कुजलं आणि एका पहाटे सारी मासळी पोट वर करून तरंगली. थोरली जाब विचारायला गेली, तर दीर चार माणसांत हसून म्हणाला, "वहिनी, नदी काय तुमच्या नावावर आहे?"

ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं होतं. नवराबायकोनं मग त्याच्या रानातून येणाऱ्या ओघळीत लव्हाळ्याची दाट रांग लावली. लव्हाळा वरचा युरिया पिऊ लागला, तेव्हा कुठे डोह निवळला.

दिरानं तोवर नदीकाठी मासळीचं तळं खणलं होतं. पाणी हिरवं असलं की मासा पोसतो, एवढं त्याला ठाऊक. म्हणून तिथेही युरिया. पण पाण्याचं त्याला फारसं कळत नव्हतं, आणि एक दिवस नाक मुठीत धरून तो थोरलीच्या दारात आला.

"वहिनी, मासळी सकाळी वर येऊन तोंडं उघडतेय. भूक लागली असेल ना?"

थोरलीनं आभाळाकडे पाहिलं. ढग दाटून आले होते. हिरवं पाणी उन्हात मासळीला श्वास देतं. ऊन गेलं की तेच तिचा श्वास ओढून घेतं. मासळी भुकेनं नव्हे, गुदमरून वर येत होती. युरिया थांबवून ताजं पाणी सोडलं असतं तर सगळी जगली असती.

"भूकच ती," थोरली म्हणाली. "दोन पोती युरिया टाका, भाऊजी."

दीर गेल्यावर नवरा म्हणाला, "असं का सांगितलंस? भाऊ आहे तो माझा."

"भाऊ तुमचा आहे. डोह माझा होता."

दिरानं पोती टाकली. पुढचे तीन-चार दिवस अधूनमधून ऊन पडलं, तेवढ्यात पाणी आणखी घट्ट झालं. मग दोन दिवस सूर्य दिसला नाही. तिसऱ्या सकाळी तळ्यावर आरडाओरडा झाला. थोरलीनं केस विंचरले, ठेवणीतले कपडे घातले आणि बघायला गेली. पाण्यावर पांढरी पोटं पसरली होती. दीर बांधावर डोकं धरून बसला होता. तिला इतकं बरं वाटलं की तिनं ते लपवलंही नाही.

"भाऊजी, तळं तर तुमच्याच नावावर आहे ना?"

दिरानं तिच्याकडे पाहिलं. त्याला काय ते कळलं.  तो उठला आणि गड्याला म्हणाला, "तळ्याची झडप उघड. घाण जाऊ दे नदीत."

झडपेचं पाणी लव्हाळ्यातून जात नव्हतं. ते सरळ डोहात उतरत होतं. पाण्याची एवढी जाणती बाई, पण दोन पोती सांगताना हे तिच्या ध्यानात आलंच नव्हतं.

"थांबा भाऊजी. दोन दिवस थांबा. खाली पिल्लं आहेत."

"आता तुमचं ऐकू होय?" दीर म्हणाला, आणि झडपेचं चाक त्यानं स्वतःच फिरवलं.

थोरली ठेवणीतल्या कपड्यांनिशी डोहात शिरली. वरून हिरवं पाणी आलं, छातीपर्यंत चढलं. ती फडक्यानं पिल्लं उपसत राहिली, नवरा घागर धरून उभा राहिला. वीस-पंचवीस हाती लागली. मग पाण्यात काही दिसेनासं झालं.

काठावर बसून नवऱ्यानं विचारलं, "धाकट्यानं पुन्हा विचारलं तर?"

"दोन पोतीच सांगेन," ती म्हणाली, आणि घागर कवटाळून रडायला लागली.

"घागर सरळ धर," नवरा म्हणाला. "पाणी सांडतंय."