शेऱ्याचा रकाना

कारखान्यात मला सगळे रकानेबुवा म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पत्र्याच्या शेडमध्ये पाठीमागचं सगळं ऐकू येतं. तयार झालेल्या ट्रान्सफॉर्मरची चाचणी घ्यायची आणि दाखला भरून खाली सही ठोकायची, हे माझं काम. दाखल्यात रिकामा रकाना दिसला की मला चैन पडत नाही. बावीस वर्षांत माझ्या हातून एकही दाखला अर्धवट गेला नाही, आणि याचा मला अभिमान होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या.

कारखाना दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. वीज-यंत्रांच्या प्रदर्शनात ते दर वेळी गाळा घेतात. परदेशी गिऱ्हाइकांच्या भेटी तिथे आधीच ठरवून दिलेल्या असतात. एका भेटीला वीस मिनिटं, घंटा वाजली की उठायचं. शेवटी दोघांनी एका फॉर्मवर सह्या करायच्या, तळाच्या रकान्यात शेरा लिहायचा, मग प्रदर्शनातली मुलगी त्यावर शिक्का मारून एक प्रत गिऱ्हाइकाच्या हातात देते. भाजीसुद्धा माणूस याहून सावकाश घेतो. यंदा दाजींनी मलाही कोट चढवून नेलं. "कोणी तांत्रिक काही विचारलं तर बोल," म्हणाले, "नाही विचारलं तर शोभेला बस."

तिसरी भेट एका बाईंची होती. दूरच्या एका गरीब, तापलेल्या देशात त्या एका गावाच्या पाणीपुरवठ्याच्या इंजिनियर. पन्नाशी उलटलेली, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. सोबत प्रदर्शनाने दिलेला दुभाषी, पण हा गृहस्थ शब्दांचा महाकंजूष. बाई दोन मिनिटं बोलल्या की हा म्हणायचा, "प्रवास बरा झाला म्हणतात."

"किती नग हवेत, विचारा," दाजी म्हणाले.

बाई बोलत राहिल्या. मध्येच त्यांचा आवाज चिरकला. दुभाषी म्हणाला, "नग नकोत. आधीचा जळाला."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी याच प्रदर्शनात त्या गावाच्या पंपघरासाठी आम्ही एक ट्रान्सफॉर्मर विकला होता. बाईंनी कागद सोडला. आत लाकडी चौकट होती, आणि काचेखाली चाचणीचा दाखला. माझ्या अक्षरातला, माझ्या सहीचा. त्यांनी सहीवर बोट ठेवलं, मग माझ्या छातीवरच्या नावाच्या चिठ्ठीवर.

"ते तुम्हीच का, विचारतात."

"मीच," मी म्हणालो. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला उगाच बरं वाटलं. गाढवच आहे मी.

मग दुभाषी पहिल्यांदा सलग बोलला. दाखल्याला चौकट त्यांच्या पंपचालकाने करवून घेतली होती. रोज सकाळी तो तिची काच पुसायचा. पहिला उन्हाळा निभावला, दुसऱ्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. चौकशीवाल्यांनी ठरवलं की पंपचालकाने चोरून बाहेर वीज दिली, म्हणून भार वाढला. चार महिने तो तुरुंगात आहे. पुढच्या आठवड्यात सुनावणी.

बाईंनी भाराच्या नोंदी माझ्यापुढे ठेवल्या. त्यांनी फार बोलायची गरजच नव्हती. भार कधी ठरलेल्या क्षमतेच्या वर गेलाच नव्हता. शेजारी बाहेरचं तापमान लिहिलेलं होतं. एकोणपन्नास. पन्नास. एक्कावन्न. आणि काचेखाली माझ्या सुबक अक्षरात होतं: भोवतालचं तापमान, चाळीसपर्यंत.

तो आकडा कुठून आला ते फक्त मला माहीत होतं. ऑर्डरचा फॉर्म दाजींनी असाच वीस मिनिटांत भरला होता, आणि तापमानाच्या रकान्यापाशी घंटा वाजली होती. ट्रान्सफॉर्मर नेहमीसारखा आपल्या हवेसाठी बनला. चाचणीच्या दिवशी तो रिकामा रकाना मला दिसला. 'तिकडे किती तापतं?' एवढं विचारायला एक फोन पुरला असता. मी चाळीस लिहून मोकळा झालो. आम्ही नेहमी चाळीसच लिहितो.

"एक ओळ हवी आहे त्यांना," दुभाषी म्हणाला. "ट्रान्सफॉर्मर तिकडच्या उन्हाजोगा नव्हता, चालकाचा दोष नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहा. साध्या पत्राला कोर्टात कोणी विचारत नाही. याच्यावर शिक्का असतो."

बाईंनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्यासमोर धरलं.

"दाजी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी लिहितो."

"सही तुझी, पण नाव कारखान्याचं." दाजी ओठ न हलवता बोलत होते. "बाहेर खुर्चीत कोण बसलाय बघ. त्यांच्याच वीज खात्याचा साहेब. चाळीस नग घेणार आहे. ही ओळ त्याच्या कानावर गेली की संपलं. निम्मी शेड आधीच घरी बसवलीय मी. उरलेल्यांना तू सांगणार?"

"एक माणूस आत आहे, दाजी."

"मग मी काय राक्षस आहे? नव्या चाळीस नगांना पन्नास डिग्री धरू, तू स्वतः लिही. पण हे नको. पाया पडतो तुझ्या."

आमचं सगळं बोलणं कळत असलेला दुभाषी छताकडे बघत होता.

मी दोनदा नापास होऊन घरी बसलो होतो तेव्हा याच माणसाने मला हाताला धरून कामाला लावलं. ताईच्या लग्नात मी ज्यांच्या पाया पडलो, ते माझ्या पाया पडतो म्हणत होते. आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचं कोणाला? मी पेन घेतलं. सही केली. बाईंनीही केली. पेनाचं टोक शेऱ्याच्या रकान्यावर नेलं आणि तिथेच धरून बसलो. बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. एवढी लाज मला नापास झालो तेव्हाही वाटली नव्हती.

घंटा वाजली. शिक्केवाली मुलगी आली.

"सर, शेरा राहिला."

माझ्या पेनाचं टोक अजून रकान्यावरच होतं.

"रिकामा चालत नाही सर, कॉम्प्युटर घेत नाही," म्हणत तिने फॉर्म ओढला, स्वतःच्या पेनाने उभ्या उभ्याच 'समाधानकारक' लिहिलं, शिक्का मारला आणि हसून प्रत बाईंना दिली. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. कोणाचं वाईट करायचं तिच्या मनातही नव्हतं. मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण कुठल्या तोंडाने ओरडणार?

बाईंनी दुभाष्याला काहीतरी विचारलं.

"काय लिहिलंय विचारतात," तो म्हणाला. "काय सांगू?"

मी मान खाली घातली. मग त्याने त्यांना एकच शब्द सांगितला.

बाईंनी प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. चौकट तेवढी टेबलावरच राहू दिली आणि त्या निघून गेल्या.

"या, या साहेब!" दाजी उठले होते. साहेब खुर्चीत टेकेपर्यंत त्यांनी चौकट उपडी केली, तिच्यावरच ऑर्डरचा कोरा फॉर्म ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. भोवतालचं तापमान, हा रकाना मधोमध होता.

"लिही, पन्नास," ते हळूच म्हणाले.

मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.