वाल्फ्रेडचे पक्के बोल्ट

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा वाल्फ्रेड याच्याशी माझं पटत नाही, आणि पटवून घ्यायची मला हौसही नाही. एकतीस वर्षं हा माणूस काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, रस्त्यावरचा बर्फ हटवायचा ट्रक चालवत होता. सुपीरिअर तलावावरून वारा सुटला की आमच्याकडे एका रात्रीत कमरेएवढा बर्फ पडतो, आणि रस्ता साफ करताना ट्रकचा फाळ तो सगळा बर्फ लोकांच्या दारांच्या तोंडाशी लोटत जातो. ज्या घरची बाई टपालपेटीवर वेलदोड्याचा पाव ठेवायची, तिच्या घरापुढे वाल्फ्रेड फाळ जरा तिरका करायचा, म्हणजे ढीग पुढे सरकायचा. मी कधी ठेवला नाही. मेल्याला पगार मिळतो, वर पाव कशाला? म्हणून एकतीस हिवाळे माझ्या दुरुस्तीच्या दुकानापुढचा ढीग गावात सगळ्यात उंच असायचा.

तरी मी गप्प बसले असते. पण माझ्या बहिणीची, आयलीची, मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी नऊला तिला हँकॉकच्या इस्पितळात डायलिसिसच्या खुर्चीत बसावं लागतं. मागच्या फेब्रुवारीत बर्फामुळे लागोपाठ दोन फेऱ्या चुकल्या, तर बाईच्या फुप्फुसांत पाणी भरलं आणि आठ दिवस ती इस्पितळात पडून होती. डॉक्टरने स्पष्टच सांगितलं, पुन्हा असं झालं तर मी जबाबदार नाही. म्हणजे आयलीचा जीव त्यांच्या घरापासून रस्त्यापर्यंतच्या साठ फुटांवर अडकलेला. ते साठ फूट साडेसातच्या आत मोकळे झालेच पाहिजेत.

वाल्फ्रेडची कंबर फावड्याने कामातून गेली, तेव्हा त्याने बर्फ उडवायचं मशीन मागवलं. मागून चालत ढकलायचं, पुढच्या तोंडात लोखंडी मळसूत्र फिरतं, ते बर्फ आत ओढतं आणि वरच्या नळकांड्यातून लांब फेकतं. खोक्यातून सुटं आलं होतं. ही मशिनं जोडण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली, अख्खा गाव माझ्याकडे येतो, आणि माझं घर त्यांच्या बरोबर समोर. मी आपणहून सांगितलं, तासाभरात जोडून देते. तर म्हणे, मी अठरा टनांचा ट्रक चालवलाय, हे खेळणं मला बाईमाणसाकडून जोडून घ्यायची गरज नाही. जोडणीची पुस्तिका त्याने सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी पेटवायला वापरली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

शनिवारी सौनाला मी त्यांच्याकडेच जाते, बहिणी-बहिणी आधी, वाल्फ्रेड नंतर. त्या शनिवारी जाता जाता पडवीत उभं असलेलं मशीन बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मुठीखाली एक दांडी असते. ती दाबून धरली तरच मळसूत्र फिरतं, हात सुटला की थांबतं. माणूस घसरून पडला तर मशीनने त्याला खाऊ नये म्हणून ती सोय. या गृहस्थाने बोटं दुखतात म्हणून ती दांडी बुटाच्या नाडीने मुठीला बांधून टाकली होती. कायमची! आणि मळसूत्राचे दोन बोल्ट बदललेले. तिथले बोल्ट मुद्दाम कच्चे देतात. दगड-लाकूड अडकलं की बोल्ट तुटतो, मळसूत्र सुटं होतं आणि बाकीचं मशीन वाचतं. पहिल्याच आठवड्यात एक तुटला म्हणून याने काउंटीच्या ट्रकमधले जुने पोलादी बोल्ट ठोकले. वर मलाच ऐकवलं, की तुझ्या दुकानात कच्चा माल विकून लोकांना फसवतेस, हे बघ, पक्के बोल्ट, मी मेल्यावरही टिकतील.

मी त्याला चांगलं झापलं. म्हटलं, अरे, बोल्ट तुटायलाच असतो, तो तुटला नाही तर दुसरं काहीतरी तुटेल. पालथ्या घड्यावर पाणी. बोल्ट काढायला मी उचललेला पाना त्याने माझ्या हातातून काढून घेतला आणि सौना तापलाय, जा, आंघोळ कर, म्हणाला. आत वाफेत आयली म्हणाली, तू त्याला चारचौघांसारखं सांगत का नाहीस, प्रत्येक वेळी नाक का कापतेस? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याचं नाक एवढं लांब आहे, की कुठेही सुरी फिरवली तरी मध्ये येतं. ती हसली नाही. दगडांवर पाणी ओतत राहिली.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे हिवाळ्याआधी वाटेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना देवदाराच्या खुंट्या ठोकतात, ट्रकवाल्याला रस्त्याची कड कळावी म्हणून. सगळे हातभर आत ठोकतात. वाल्फ्रेडने अगदी कडेला ठोकल्या. फाळ कुठवर येतो ते मला शिकवू नका, म्हणाला. त्याचा फाळ तिथवर येत नसेलही. पण ट्रकवर आता नवीन पोरगी होती, आणि ती कोणाचा पाव खात नव्हती की कोणासाठी फाळ तिरका करत नव्हती. सगळ्यांना सारखा ढीग.

त्या बुधवारी सकाळी सात वाजता मी स्वयंपाकघरात कॉफी पीत होते. समोर वाल्फ्रेडचं मशीन चालू होतं. घराजवळचा भुसभुशीत बर्फ त्याने उडवला आणि तोंडावरच्या ढिगाला भिडला. हा ढीग म्हणजे नुसता बर्फ नव्हे, मीठ, खडी, गोठलेला चिखल, सगळं दाबून दगड झालेलं. एकदम खाडकन आवाज आला आणि इंजिन गुदमरून बंद पडलं. मी कप ठेवला. बोल्ट तुटला असता तर इंजिन चालूच राहिलं असतं. मी बूट घातले, दारातलं फावडं उचललं आणि धावले. साठीच्या बाईने बर्फात जेवढं धावावं तेवढं.

पोचले तर वाल्फ्रेड मशीनच्या तोंडापुढे गुडघ्यांवर. त्याचीच देवदाराची खुंटी ट्रकने उपटून ढिगात घातली होती आणि ती मळसूत्रात आडवी अडकली होती. तो हातमोजा काढून आत हात घालत होता.

"हात काढ," मी म्हटलं.

"मशीन बंद आहे. चावी माझ्या खिशात आहे. तू घरी जा."

"दांडी बांधलेली आहे, वाल्फ्रेड. मळसूत्र फिरवणारा पट्टा ताणलेला आहे. खुंटी सुटली की मळसूत्र फिरणार."

"बंद मशीन फिरत नसतं. एवढं तर माझ्या ट्रकलाही कळत होतं."

असं म्हणून त्याने कोपरापर्यंत हात घातला आणि खुंटी धरून हिसका दिला. खुंटी हलली. मी फावडं उलटं केलं आणि दांडा त्याच्या हातावर हाणला.

तो ओरडला आणि हात छातीशी धरून बर्फात बसला. मला शिव्या देत होता, आमच्या फिनिश भाषेत, त्याच्या आईने ऐकल्या असत्या तर तिनेही त्याला हाणलं असतं. मी त्याच्याकडे पाठ केली, फावड्याचा दांडा आत घातला आणि खुंटी उचकटली. ती सुटली मात्र, मळसूत्र धाडकन पाव फेरा फिरलं. दांडा माझ्या हातातून गेला. बघते तर दोन तुकडे, आणि आतला तुकडा चिरडून भुसा झालेला. मी वळून वाल्फ्रेडला म्हटलं, बघ. तो बघत नव्हता. मनगट मांडीवर घेऊन डोळे मिटून बसला होता.

मग मी वाद घालत बसले नाही. समोरून माझं मशीन आणलं, पंचवीस मिनिटांत तोंड मोकळं केलं, आणि दोघांना माझ्या गाडीत घातलं. आयली पुढे, तो मागे. इस्पितळात वाल्फ्रेडला तपासलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर, गाडी चालवायची नाही. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, हात मोडला पण राहिला तर, आणि आता सहा आठवडे माझ्याच गाडीत बसेल.

आयली नऊला खुर्चीत बसली. नर्सने सुया घातल्या, नळ्यांतून रक्त फिरू लागलं. मी शेजारी स्टूल ओढलं. तिला जरा रंग आल्यावर म्हटलं, त्याला तूच समजाव, माझं तो ऐकणार नाही. मी हाणलं नसतं तर आज त्याचा हात फावड्याच्या दांड्यासारखा झाला असता.

"मला माहीत आहे," आयली म्हणाली. "मी कोट घालून खिडकीत उभी होते. दांडा मोडलेला बघितला. हात तू वाचवलास, ते मी त्याला सांगणार आहे."

"मग झालं तर."

ती नळीकडे बघत होती. माझ्याकडे नाही.

"तू दोनदा हाणलंस, लेम्पी."

मी स्टूल जरा मागे सरकवलं.

"पहिला फटका दंडावर बसला, तेव्हाच त्याने हात बाहेर काढला होता. छातीशी धरला होता. मग तू परत दांडा उचललास."

मी म्हटलं, मला आठवत नाही. ते खोटं होतं. एकतीस हिवाळ्यांचा बर्फ त्या दुसऱ्या फटक्यात होता आणि मला तो घालताना फार बरं वाटलं होतं.

"त्याला दुसरा आठवत नाही. तू बर्फ काढत होतीस तेव्हा मी विचारलं," आयली म्हणाली. "त्याला वाटतं, एकच बसला. मीही एकच सांगेन, म्हणजे तो तुझ्या गाडीत बसेल आणि मी इथवर येईन. पण हाड कुठल्या फटक्याने मोडलं, ते आपल्या दोघींना माहीत आहे."

मग तिने डोळे मिटले. अजून साडेतीन तास बाकी होते, आणि मी स्टुलावरून उठू शकले नाही.