मी आडवा पडलो तेव्हा

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे आणि सध्या एका घराच्या पायरीवर आडवा पडलेलो आहे. तुम्हाला वाटेल, बिचारा निकामी झाला. मित्रांनो, ती कीव तुमच्याकडेच ठेवा. आधी माझी हकिकत ऐका, मग काय ते ठरवा.

मला घडवलं एका पोरसवदा सुताराने. त्याने एकट्याने केलेलं पहिलं दार म्हणजे मी, आणि तेही स्वतःच्या घरासाठी. रंधा मारून झाला की तो माझ्यावरून हात फिरवायचा आणि पुन्हा रंधा घ्यायचा. एक आगाऊपणा मात्र त्याने केला. दाराच्या आत, भिंतीला लागून आईचं कपाट बसवायचं होतं, म्हणून त्याने मला चार बोटं अरुंदच ठेवलं. आई म्हणाली, "अरे, जरा ऐसपैस कर की." तो म्हणाला, "आपल्याला काय हत्ती आणायचाय घरात?" सगळे हसले. मीही हसलो. पुढे काय वाढून ठेवलंय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं!

मी कामाला चोख होतो. एका बोटाने ढकललं तरी मिटायचो. शेजारीपाजारी मुद्दाम बघायला यायचे. पुढे कौतुक आटलं. मी लाथा खाल्ल्या, पाठीवर खिळे ठोकून घेतले, पिशव्या टांगून घेतल्या. पावसाळ्यात फुगून जमिनीला घासू लागलो. सुतार जगाची दारं नीट करत फिरे आणि स्वतःचं दार कुरकुरतंय याचा त्याला पत्ता नसे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आई गेली. घरात तो आणि त्याची थोरली बहीण उरली. ती शिवणकाम करायची. तिच्या मशीनची खडखड आणि माझी कुरकुर दिवसभर चालायची.

मग एके दुपारी सुतार एका इमारतीच्या परांचीवरून खाली पडला. पाठीच्या कण्याला मार बसला. पाच महिने दवाखान्यात गेले. जीव वाचला, पण कमरेखाली काही हलेना.

त्यांचे मामा घरी आले. म्हणाले, "तुझ्याच्याने निभणार नाही बाई. अपंगांच्या संस्थेत ठेव त्याला. तिथे त्याची सगळी सोय होईल."

बहीण म्हणाली, "होईल की. पण घर इथे आहे ना त्याचं."

मामा गेल्यावर तिने मला असं आपटलं की चौकट हादरली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच आपटून घेताना मला बरं वाटलं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक अट घातली होती. त्याने चाकाच्या खुर्चीतून, स्वतःच्या हातांनी, घरात शिरून दाखवायचं. जमलं तर घर, नाहीतर संस्था. तिथली एक खाट शुक्रवार संध्याकाळपर्यंतच राखून ठेवली होती.

बहिणीने आपली टेप काढली. मी भरलो अठ्ठावीस इंच, खुर्ची भरली पंचवीस. "तीन इंच सैल," ती खुशीत म्हणाली, "एवढ्यात तर मी कुणालाही बसवते!" पायरी सात इंच उंच होती. तिच्यावर तिने एका दुकानातून आणलेली फळी टाकली.

शुक्रवारी सकाळी दवाखान्याची गाडी आली, सोबत त्या बाईही आल्या. सुतार चाकं रेटत फळीवर चढला, माझ्यापर्यंत आला आणि अडकला. मी उघडा होतो, पण कपाटामुळे पुरता मागे सरकू शकत नव्हतो. माझी जाडी वाटेत, माझी मूठ वाटेत. त्याच्या बोटांची सालटी निघाली. ड्रायव्हरने खुर्ची मागे ओढली, तशी फळीही कडकन मोडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने मला घडवलं, त्यालाच मी बाहेर ठेवत होतो.

बाईंनी हळूच फाइल मिटली. सुताराने विचारलं, "ताई, काय मोजलंस तू?"

"दार मोजलं. अठ्ठावीस आहे."

"दार नसतं मोजायचं गं, वाट मोजायची असते! शिकाऊ पोरगंसुद्धा एवढं चुकत नाही." मग त्याची नजर आतल्या कपाटावर गेली आणि त्याचा आवाज उतरला. "आणि हत्ती आणायचाय का, असं विचारणारा शहाणा मीच. आला बघ हत्ती."

बहीण हसली नाही. ती आत गेली आणि त्याची हत्यारांची पेटी घेऊन आली. "बोल, कुठून सुरुवात करू?"

"खालची बिजागरी आधी. डावीकडे फिरव. अगं, जोर लाव, काजं करतेयस का?"

"गप रे! मी काय रोज दारं काढते?"

घाम गाळत, एकमेकांवर खेकसत दोघांनी मला चौकटीतून सोडवलं. मूठही काढली. इतकी वर्षं मी ताठ उभा होतो. त्या दिवशी मला पायरीवर आडवं घातलं, आणि कडांना दोन पट्ट्या ठोकल्या, म्हणजे चाक घसरायला नको.

तो चढू लागला. मध्यावर जोर कमी पडला आणि खुर्ची मागे सरकली. बाई पुढे धावल्या, पण बहीण ओरडली, "हात लावू नका! येतोय तो." सगळं वजन माझ्या मध्यावर आलं. लोक छाती पुढे काढून म्हणतात, मोडेन पण वाकणार नाही. म्हणोत बापडे. मी वाकलो, चांगला वाकलो आणि मोडलो नाही. चाकं माझ्यावरून गेली, रिकाम्या चौकटीतून गेली. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच उरला होता. आतून सुताराचा आवाज आला, "ताई, चहा टाक. बाईंनाही विचार."

संध्याकाळी मामा आले. "बिनदाराचं घर? चोर शिरतील!" पडदा शिवता शिवता बहीण म्हणाली, "शिरू देत. त्यांची गाठ माझ्याशी आहे."

आता नव्या चौकटीत नवा दरवाजा आहे. सुताराने खुर्चीत बसूनच तो केला. चांगला रुंद आहे, आणि थोडा गर्विष्ठही. कपाट आतल्या खोलीत गेलं. मामांनी सुचवलं, जुन्याला आता जाळायला काढा. सुतार म्हणाला, "त्याला कुणी हात लावायचा नाही." दर पावसाळ्याआधी तो मला स्वतः तेल पाजतो.

मित्रांनो, पडलेल्याला अडगळीत टाकायची घाई करू नका, मग तो दरवाजा असो की माणूस. आणि आज घरी गेलात की टेप घ्या आणि आपल्या घराची वाट मोजा. दार नव्हे, वाट. कमी भरली, तर आपलं कोण बाहेर राहील ते तुम्हाला कळेल. मग पेचकस शोधा.