सोळा भाकरींचं वाचन

प्रभुलिंग हुलसूरच्या एका फंक्शन हॉलचा मॅनेजर होता. चौदा वर्षांत शेकडो लग्नं लावून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे कागदावर लिहिलं की काम झालं. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा असतो. नवरदेव दीडला पोचतो, नवरीचे मामा पंगतीत सापडतात, अक्षता पडतात सव्वादोनला. पण पुढं पन्नास वर्षांनी कुणी पत्रिका काढून बघितली, तर लग्न बारा पस्तीसलाच लागलेलं असतं.

म्हणून मुलीच्या शाळेतून वाचनाची डायरी घरी आली, तेव्हा तो मुळीच डगमगला नाही.

मुलगी विजयश्री, मराठी शाळेत तिसरीला. तिला अक्षरं येत होती, सुटे शब्दही येत होते. पण सायकल शिकणारं पोर दर दोन हातांवर पाय टेकतं, तशी ती ओळीत जागोजागी पाय टेकायची. ऑक्टोबरच्या शेवटी सुशीलाबाईंनी पालकांना बोलावून सांगितलं की रोज वीस मिनिटं घरातल्या कुणीतरी लेकराजवळ बसायचं, त्याचं वाचन ऐकायचं आणि डायरीत सही करायची. तीस नोव्हेंबरला, शनिवारी, प्रत्येकानं पालकांसमोर एक कधी न बघितलेलं पान वाचायचं. ज्याला जमणार नाही, त्यानं सोमवारपासून पहिले दोन तास दुसरीच्या वर्गात बसायचं.

परत येताना विजयश्री गाडीवर पुढं बसली होती. पेट्रोल पंपापाशी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "अप्पा, दुसरीतले बाक लहान असतेत का?"

प्रभुलिंगनं त्याच संध्याकाळी वेळापत्रक केलं. पट्टीनं रेघा मारून, लाल शाईत 'वाचन' लिहून दाराला चिकटवलं. सकाळी सहा ते सहा वीस. सकाळी सहाला नळाला पाणी आलं. नळाला वेळापत्रक दाखवायचं राहून गेलं होतं. मग त्यानं दुसरं वेळापत्रक केलं, संध्याकाळी सातचं. सातला हॉल बघायला लोक यायचे. दिवसभर मोकळा असलेला माणूसही हॉल बघायला सातलाच येतो. मग तिसरं, रविवारी दुपारचं. ह्या वेळी बापलेक खरंच पुस्तक घेऊन बसले.

"एका गावात," विजयश्रीनं सुरुवात केली. फोन वाजला. रंगारी आला नव्हता. "एका गावात," तिनं पुन्हा म्हटलं. जनरेटर सुरू होत नव्हता. तिसऱ्यांदा नवरीच्या मामाला स्टेजची लांबी पाहिजे होती, चौथ्यांदा चाव्या सापडत नव्हत्या आणि त्या प्रभुलिंगच्याच खिशात होत्या. दोघं त्या गावात चारदा शिरले. गावात राहतं कोण, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

तुळशीची लग्नं तोंडावर आली होती. त्यानंतर हॉलचा हंगाम, म्हणजे घरातल्या रविवारांचा शेवट. प्रभुलिंगनं एके दिवशी डायरी उघडली, पेनचं टोपण काढलं आणि सहीच्या रकान्यात वरून खालपर्यंत सह्या मारून टाकल्या. एकदम उरकलं. दुसरे दोन रकाने होते, 'काय वाचले' आणि 'किती वेळ'. ते मुलीनं भरायचे होते, तिच्यासाठी सोडले.

बायकोनं, उमादेवीनं, डायरी निरखून बघितली. "आवो, ह्या तारखा अजून यायच्या हाईत."

"येतीलच की. कुठं जातेत?" प्रभुलिंग म्हणाला, आणि ते वेळापत्रकही काढून टाकलं. काम झाल्यावर वेळापत्रक कशाला?

त्यानंतर तो रोज सकाळी सहाच्या आत हॉल गाठू लागला. घरी त्याच वेळी भाकरीचं काम सुरू व्हायचं. त्याची आई नागम्मा आणि उमादेवी गावातल्या दोन खानावळींना ज्वारीच्या कडक भाकरी करून द्यायच्या. नागम्मा थापायची, उमादेवी भाजायची. आठ वाजेस्तोवर त्या दोघींपैकी कुणाचाही हात रिकामा नसायचा. त्यामुळं वाचनाच्या बाबतीत प्रभुलिंगनं त्यांना कधी हिशेबातच धरलं नव्हतं. शिवाय नागम्माला अक्षरओळख नव्हती. वाचनात तिचा काय उपयोग?

महिनाभरात एक गोष्ट मात्र त्याला खटकली होती. एकदा जेवताना नागम्मानं विचारलं, "अमृतप्पाच्या धाकटीला कमठाण्यात दिली व्हय रे? आन् मुलाची आत्या औरादची?" अमृतप्पा पत्रिका देऊन गेल्याला दोन दिवसही झाले नव्हते. ही बातमी घरी कुणी आणली, ह्याचा त्यानं थोडा विचार केला. मग बायकांना सगळं कळतंच, असं ठरवून भात मागितला.

तीस तारखेला सकाळी हॉलवर लग्न होतं. मांडववाल्याची तारीख बघायला तो कॅलेंडरपुढं उभा राहिला, आणि नोव्हेंबर महिना तिसाला संपलेला त्याला दिसला. त्यानं मुठीवर महिने मोजले. पुन्हा मोजले. डायरीत प्रत्येक महिन्याला एकतीस ओळी छापलेल्या होत्या आणि त्यानं एकही रिकामी ठेवली नव्हती.

डायरी विजयश्रीच्या दप्तरात होती आणि दप्तर शाळेत पोचलं होतं.

घरी आला तर नागम्मा ठेवणीतलं इरकल नेसून ओट्यावर बसलेली. उमादेवी भाकरी पोचवायला जाणार होती, तिच्या जागी नागम्मा येणार होती.

"तू कामून येयलीस? तुला काय कळणार तितलं?"

"ऐकायला येयलेव," नागम्मा म्हणाली. "ऐकायला कान लागतेत. ते हाईत मला."

वर्गात पालक लहान बाकांवर गुडघे वर करून बसले होते. बाक लहान असतात का, ह्या प्रश्नाचं उत्तर प्रभुलिंगला बसल्या बसल्या मिळालं. हे तर तिसरीचे होते. दुसरीचे कसे असतील, ह्याचा त्यानं विचार केला नाही.

पहिला नंबर अंकुशरावांच्या हरिओमचा लागला. त्यानं पान असं वाचलं, की मधे श्वास घ्यायलाही थांबला नाही. अंकुशराव सगळ्यांकडं बघून घेत होते. मग बाईंनी विजयश्रीला पुढं बोलावलं आणि पान देण्याआधी तिची डायरी उघडली.

एकेका ओळीवर नजर फिरवत त्या खाली गेल्या. प्रभुलिंगला वाटलं, ह्यापेक्षा नवरीच्या बापाला जेवण कमी पडल्याचं सांगणं सोपं.

"प्रभुलिंगअण्णा, ही एकतीस नोव्हेंबरची सही तुमचीच का?"

पेन दुसऱ्याचा होता असं सांगावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. "व्हय बाई."

अंकुशराव मोठ्यानं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी डायरी त्याच्यासमोर आणून धरली आणि सहीशेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. विजयश्रीचं वाकडंतिकडं अक्षर होतं. 'ही तारीख नसते. म्हणून वाचलं न्हाई.'

प्रभुलिंगची नजर वर सरकली. महिनाभर त्यानं डायरी उघडली नव्हती. सही झालेली डायरी कोण उघडतं? आणि तिथं रोजची एकेक ओळ होती. पाच तारीख: 'जुनी पत्रिका, अर्धी. ४ भाकरी.' बारा तारीख: 'महादेवीआत्याच्या नंदेची पत्रिका. ९ भाकरी.' एकवीस तारीख: 'अमृतप्पांच्या मुलीची पत्रिका. मागनं पुढनं सगळी. १६ भाकरी.' आणि मधेच एक: 'आज आज्जीला ताप. भाकरी न्हाई. वाचन न्हाई.' त्याच्याही शेजारी प्रभुलिंगची सही ऐटीत उभी होती.

"सोळा भाकरी म्हणजे किती वेळ गं?" बाईंनी विचारलं.

उत्तर मागच्या बाकावरून आलं. "बाई, घड्याळ न्हाई कळत मला. सोळा भाकरी थापूस्तोर वाचली पोरगी. दोन भाकरी जास्तीच झाल्या असतील, कमी न्हाई."

मग नागम्मानं बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. हॉल बुक करणारा प्रत्येक जण मॅनेजरला पत्रिका देतो. तिच्यावर देवाचं चित्र असतं, त्यामुळं ती कचऱ्यात टाकता येत नाही आणि चुलीतही घालता येत नाही. वर्षावर्षाच्या पत्रिका पोत्यात भरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडून असतात. एका बाजूला कानडी, एका बाजूला मराठी. सकाळी भाकरीपाशी बसून विजयश्री आधी शाळेचं पुस्तकच वाचायची, पण ते ऐकून ऐकून नागम्माला कंटाळा आला होता, कारण त्यात कुणाचंच लग्न ठरत नव्हतं.

"म्हणलं, ह्ये पोतं काढ. कुणाचं कुणासंगट जमलं ते तरी कळंल. पयल्या दिशी, बाई, एक भाकर करपली पर नवरीचं नाव काय येईना. नुसतं 'चिरंजीव सौभाग्य, सौभाग्य' करायली. मग म्या इचारायची, कुणाची लेक? मामा कोन? तिला धुंडावं लागायचं. धुंडता धुंडता यायलंय बघा."

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांच्याच घरी तसं एक पोतं होतं.

"तीस घरांच्या डायऱ्या बघितल्या मी," सुशीलाबाई हळूच म्हणाल्या. "सगळ्यांनी रोज बरोबर वीस मिनिटं वाचलंय. ना एक मिनिट इकडं, ना तिकडं." अंकुशराव खिडकीबाहेर बघू लागले.

पण परीक्षा अजून व्हायची होती. बाईंनी कपाटातून एक नवंकोरं पुस्तक काढलं, मधलंच पान उघडलं आणि विजयश्रीच्या हातात दिलं.

"एका गावात," विजयश्रीनं वाचलं. लेकरांच्या पुस्तकातल्या गोष्टी दुसरीकडं कुठं घडतच नाहीत.

आणि प्रभुलिंगच्या खिशात फोन थरथरला. हॉलवरून. आज लग्न, केटररचाच असणार. त्याचा हात सवयीनं खिशाकडं गेला. विजयश्रीनं पुस्तकावरून डोळे उचलून त्या हाताकडं बघितलं. प्रभुलिंगनं फोन काढला, बंद केला आणि शर्टाच्या नाही, पँटच्या मागच्या खिशात घालून त्याच्यावर बसला.

"एका गावात एक कुंभारीण राहत होती," विजयश्री म्हणाली. "तिच्या गाढवाला उन्हात चालायला आवडत नसे."

ती वाचत गेली. भरभर नाही, पण पाय न टेकता. 'सर्वत्र' आलं, 'प्रतिष्ठित' आलं, ते तिनं जुन्या ओळखीच्या पाहुण्यांसारखे आत घेतले. पत्रिकेतले 'ज्येष्ठ', 'स्नुषा' आणि 'कृपाभिलाषी' ज्याला पचले, त्याला जगात कुठल्या जोडाक्षराचं भय?

पहिला परिच्छेद संपला आणि ती थांबली.

थांबली ती थांबलीच. बाई वाट बघत राहिल्या. हरिओम दात दाखवू लागला. पान अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. वाच, पोरी, वाच, असं प्रभुलिंगनं मनातल्या मनात म्हटलं. लहान बाकांची एक रांग त्याच्या डोळ्यांपुढून गेली. विजयश्री पानाकडं बघतच नव्हती. ती सरळ मागच्या बाकाकडं बघत होती.

नागम्मानं घसा साफ केला.

"ही कुंभारीण कुणाची कोन?"

"त्ये खाली हाय आज्जी, थांब," विजयश्री म्हणाली, आणि पुढं वाचू लागली. दुसऱ्या परिच्छेदाला पुन्हा थांबली. गाढव कुठल्या बाजाराला निघालंय, असं नागम्मानं विचारलं. ते लिहिलेलं नाही, असं विजयश्रीनं पान वरखाली बघून सांगितलं. लिहायला पाहिजे होतं, असं नागम्माचं मत पडलं. शेवटची ओळ वाचून झाली तेव्हा सुशीलाबाईंनी पुस्तक परत घेतलं नाही. ते घरी नेऊन भाकरीबरोबर संपवायला सांगितलं.

"सोमवारी कुठं बसू बाई?" विजयश्रीनं विचारलं.

"तुझ्या जागेवर. दुसरीकडं कुठं बसणार?"

प्रभुलिंगनं इतका लांब श्वास सोडला, की पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून बघितलं.

बाहेर आल्यावर त्यानं फोन सुरू केला. अकरा मिस्ड कॉल. धावतच केटररला फोन लावला, तर मीठ सापडत नव्हतं, ते सापडलं होतं. नवरदेव अजून पोचायचा होता. आपल्यावाचून लग्नाचं काहीही अडलेलं नाही, हे ऐकून त्याला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण वाटलं नाही. गाडीवर पुढं विजयश्री, मागं इरकलातली आई. पेट्रोल पंपावरून जाताना तो कधी नव्हे ते गुणगुणत होता.

सोमवारी सकाळी सहाला तो स्वयंपाकघरात जाऊन बसला. हॉलवर साडेसातला येतो, असं त्यानं कळवून टाकलं होतं. नागम्मानं त्याच्यापुढं लसणाची पाटी सरकवली. रिकाम्या हातानं ऐकणाऱ्याला झोप लागते, असा ह्या शाळेचा नियम होता. उमादेवीनं तव्यावरची पहिली भाकर उलटली. विजयश्रीनं पोत्यात हात घालून एक पत्रिका काढली, नवरीपासून तिच्या मामापर्यंत सगळी वाचली आणि मग खालच्या ओळीवर बोट ठेवून बापाकडं बघितलं.

"अप्पा, ह्ये तुमच्याच हॉलमधलं लगीन हाय. मुहूर्त बारा पस्तीस लिवलाय. खरं किती वाजता लागलं?"

तिघींच्या नजरा त्याच्यावर होत्या. प्रभुलिंगनं लसणाची एक पाकळी सोलली.

"सव्वादोनला," तो म्हणाला.

"लिव मग तसं," नागम्मा म्हणाली, आणि दुसरी भाकर थापायला घेतली.