उसना खेळाडू

एजाजने मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "अब्बा, रविवारच्या मॅचला येऊ नका. पुढच्या मॅचला या." मला काय वाटावं? पोरगा मोठा फुटबॉलर झाला, आता बुधवार पेठेत मिक्सर दुरुस्त करणाऱ्या बापाची लाज वाटते त्याला! झालं, डोकं फिरलं. "ऐका तरी," तो म्हणत होता, पण मी फोन आपटला. आणि हट्टाने गेलो. एकटा नाही, अख्खी गल्ली टेम्पोत घालून बालेवाडीला नेली.

एजाजचा मूळ क्लब गोव्याचा. पुण्याच्या क्लबने त्याला एका सीझनपुरता लोनवर आणलाय. म्हणजे खेळायचं इथे, करार मात्र तिकडचा. थोडक्यात, उसना. आता सीझन संपत आला होता. पुणेवाले त्याला विकत घेऊन कायमचा ठेवणार की परत पाठवणार, हे त्याच आठवड्यात ठरायचं होतं. माझी बायको जैनब रोज त्यासाठीच दुआ मागत होती.

मॅच नेमकी त्याच गोव्याच्या क्लबशी. एजाज मैदानात नाही, राखीव खेळाडूंतही नाही. साध्या कपड्यांत कोपऱ्यात बसलेला. आमच्या शेजारचे दत्तप्रसाद म्हणाले, "इम्तियाजभाई, मुलगा खेळतो म्हणाला होतात ना? बसतो मात्र छान हं." सगळे हसले.

मॅच सुटल्यावर मी तडक खेळाडूंच्या दाराशी गेलो आणि टीमचे मॅनेजर आमोद सर बाहेर येताच त्यांची कॉलरच धरली. "एजाजला बसवायचे किती घेतलेत गोवेवाल्यांकडून? बोला ना!"

"अहो, ज्या क्लबने लोनवर दिलाय, त्याच्याविरुद्ध त्याला खेळवता येत नाही," ते म्हणाले. "करारातच आहे तसं. त्यालाही माहीत आहे."

माझा हात आपोआप सुटला. म्हणून येऊ नका म्हणत होता होय! अरे, काय केलं मी हे! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मान वर होईना.

तोवर सिक्युरिटीवाल्यांनी माझे दंड पकडले होते. आमोद सरांच्या मागे क्लबचे मालक उभे. एजाजचं काय करायचं ते हेच ठरवणार.

"कोण हा? कुठल्या खेळाडूचा माणूस आहे?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात एजाज दारातून बाहेर आला. मी त्याला डोळ्यांनीच खुणावलं, आत जा.

"कुणाचाच नाही साहेब," मी म्हणालो. "असाच. मॅच बघायला आलो होतो." पोराने आज मला ओळख दाखवू नये, एवढंच मी अल्लाहकडे मागत होतो.

एजाजने मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सरळ पुढे आला आणि माझ्या दंडावरचे सिक्युरिटीवाल्यांचे हात बाजूला केले.

"माझे अब्बा आहेत," तो म्हणाला, आणि सगळ्यांसमोर त्याने माझ्या वतीने हात जोडले.