शून्यावर ठेवलेला थर

मित्रांनो, मी एक जुना थर आहे. धुळीचा नव्हे, रंगाचा नव्हे, दुधावरच्या सायीचाही नव्हे. माझे घर म्हणजे एका फोटो स्टुडिओतला संगणक. फोटो जुळवायच्या प्रोग्राममध्ये एका चित्रावर दुसरे, त्यावर तिसरे, अशी चित्रे रचता येतात. काचेच्या तावदानांची चळत करावी, तसे. त्यातले एकेक तावदान म्हणजे एकेक थर.

प्रत्येक थराला ओपॅसिटीची एक पट्टी असते. थर किती ठळक दिसावा, हे ती ठरवते. पट्टी शंभरावर असली की थर भक्कम. त्याच्या खालचे काही दिसत नाही. पन्नासावर आणली की तो अर्धा विरतो आणि खालचे चित्र त्याच्या अंगातून दिसू लागते. शून्यावर नेली की तो दिसेनासा होतो. दिसेनासा होतो म्हणालो, नाहीसा होतो असे म्हणालो नाही. त्याच्यावरचा केसन् केस जागच्या जागी असतो. मी बरीच वर्षे शून्यावर काढली आहेत, म्हणून सांगतो.

आमचा स्टुडिओ नवराबायकोचा. नवरा फोटो काढायचा, बायको ते संगणकावर नीट करायची. गिऱ्हाइके त्यांना फोटोवाले आणि बाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. दिवे हलवले की उजेड जमला का ते पाहायला फोटोवाले बाईंनाच स्टुलावर बसवायचे. गिऱ्हाईक दारात दिसले की म्हणायचे, "ऊठ आता, गिऱ्हाईक आलंय." मग बाई उठायच्या आणि तपासणीचा तो फोटो तिथल्या तिथे पुसला जायचा.

एकच पुसला गेला नाही. त्या दिवशी नवे दिवे आले होते. पांढरा रंग पांढराच येतो का ते कळावे म्हणून बाईंच्या हातात एक पांढरा रुमाल दिला होता.

"अहो, लवकर. गॅसवर दूध ठेवलंय."

"हलू नकोस. हनुवटी खाली घे."

"दूध काय माझ्या हनुवटीसाठी थांबणार आहे?"

त्या वाक्यावरच फोटो निघाला. तोंड किंचित उघडे, एक भुवई वर, रुमाल तिरका. दूध उतू गेले ते गेलेच, पण त्या फोटोतून माझा जन्म झाला.

पडद्यापुढे बसलेल्या गिऱ्हाइकाला कापून बागेच्या चित्रात बसवणे, हा बाईंचा हातखंडा. चित्रात दगडी पायऱ्या, कुंड्या, मागे झाडे. पण माणूस नुसता चिकटवला तर तरंगतो. पाय टेकायला हवेत, सावली योग्य बाजूला पडायला हवी. म्हणून बाईंनी आधी स्वतःलाच त्या बागेत बसवून पाहिले. अख्खी दुपार त्या मला केसभर वर, केसभर खाली करत होत्या. शेवटी मी असा बसलो की फोटोवाले म्हणाले, "तू कधी गेली होतीस या बागेत?"

"तुम्ही नेलंत कुठे?" बाई म्हणाल्या.

तेव्हापासून मी माप झालो. यादीत माझे नावही त्यांनी 'माप' असेच लिहिले. नवे काम आले की बाई माझी पट्टी तिसावर आणायच्या. मी धुक्यासारखा उमटायचो. माझ्यातून बाग दिसायची आणि मी बागेत कुठे टेकलो आहे तेही दिसायचे. मग गिऱ्हाइकाचा थर थोडा विरळ करून त्या माझ्यावर आणायच्या, पायाला पाय, सावलीला सावली जुळवायच्या. जुळले की गिऱ्हाईक शंभरावर आणि मी परत शून्यावर.

शेजारचा शिंपी एकदा हे बघत उभा होता. म्हणाला, "वहिनी, हे आमच्या कागदी मापासारखंच झालं की. कापड कुणाचंही असो, कागद तोच."

"पण तुमच्या कागदाच्या मांडीवर कुणी बसत नाही, भावोजी. माझ्या मांडीवर अख्खं गाव बसून गेलंय."

खरेच होते ते. नवरदेव, निवृत्त गुरुजी, रडकी बाळे, सगळे माझ्या जागी बसून गेले. फोटो बघून म्हणायचे, बागेत जाऊन आल्यासारखं वाटतंय. माझे नाव कुणी काढले नाही. मापाला कोण विचारतो? मला त्याचे वाईट वाटत नव्हते. गिऱ्हाईक गेले की बाई खुर्चीत मागे रेलून चित्राकडे एकदा बघायच्या, तेवढे मला पुरायचे.

संगणक म्हातारा झाला. तो दमू नये म्हणून बाईंनी थरांच्या यादीतली छोटी चित्रे बंद करून टाकली. यादीत नुसती नावे उरली. तेव्हा ती गोष्ट क्षुल्लक वाटली होती.

मग बाई आजारी पडल्या, आणि त्या खुर्चीत परत बसल्या नाहीत. संगणकाच्या पंख्याच्या जाळीतून मला स्टुडिओतले सगळे ऐकू येते. त्या दिवसांत ऐकण्यासारखे काही नव्हते. शटर बंद होते.

परगावी राहणारी मुलगी आली. भिंतीवर लावायला तिने आईचा चांगला फोटो मागितला, तेव्हा फोटोवाल्यांच्या लक्षात आले की तसा फोटोच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. कार्यक्रमांत बाई दिवा धरून उभ्या राहायच्या. घरी कॅमेरा काढला की, "असल्या अवतारात नको," म्हणून आत जायच्या. ओळखपत्रावर होता तो फोटो बघून मुलगी म्हणाली, "बाबा, ही आई नाही." कपाटे, डबे, जुन्या फिल्मी, सगळे पालथे घातले. लाकडी चौकट आधीच करून आणली होती. ती काउंटरवर रिकामी उभी राहिली. फोटोवाले रोज तिची काच पुसायचे.

एका सकाळी मुलीने शटर वर करायला लावले. आईनेच तिला संगणकाचे काम शिकवले होते. "आधी हा संगणक हलका करते," ती म्हणाली. "आईची बागेची फाइल केवढी जड झालीय." जुन्या गिऱ्हाइकांचे थर काढत काढत ती खाली माझ्यापर्यंत आली.

"'माप'. कसलं माप, बाबा? शून्यावर आहे. यात काही नाही."

फोटोवाले कॅमेऱ्याचे माणूस. पडद्याकडे ते बघायचे ते काम झाल्यावर. "नसेल काही. काढ," ते म्हणाले.

मित्रांनो, मला आवाज असता तर मी हाक मारली असती. तिने बटण दाबले आणि मी गेलो. चित्रात तसूभर फरक पडला नाही. बाग होती तशीच राहिली. शून्यावरच्या थराचे हेच दुर्दैव. काढून टाकलेला थर फाइल बंद होईपर्यंतच मागे बोलावता येतो. एकदा जतन करून बंद केली, की संपले.

तेवढ्यात शिंपी आला. शटर उघडे दिसले म्हणून आला होता. "पहिलं गिऱ्हाईक मी," म्हणाला आणि स्वतःच स्टुलावर जाऊन बसला. फोटोवाल्यांनी फोटो काढला. मुलीने त्याला कापून बागेत ठेवले. तिघे पडद्याकडे बघत राहिले.

"मी हवेत का बसलोय?" शिंपी म्हणाला. "एवढं पुण्य नाही हो माझ्या पदरी."

तिने त्याला खाली ओढले, तर पाय पायरीत रुतले. वर घेतले, तर परत तरंगला.

"तुझी आई चटकन बसवायची," फोटोवाले म्हणाले.

"पण कशी?"

"मापावर," शिंपी म्हणाला. "वहिनींचं माप होतं ना आत. त्या स्वतःच बसल्या होत्या त्यात. धुक्यासारख्या वर यायच्या."

मुलीचा हात थांबला. "ते मी आत्ताच काढून टाकलं," ती हळू म्हणाली.

मग ती संगणकावर केलेले एकेक काम मागे घेत गेली. आधी बागेतून शिंपी गेला. मग यादीत मी परत आलो, शून्यावरच. तिने माझी पट्टी धरली आणि सरकवली. दहा. वीस. तीस. धुक्यात एक भुवई दिसली. मग तिरका रुमाल. तिने पट्टी शंभरावर नेली.

फोटोवाले बाईंच्या खुर्चीत बसले. आजवर ते त्या खुर्चीत बसले नव्हते.

"दूध उतू जात होतं," ते म्हणाले. "म्हणून तोंड तसं आहे."

"मला मिटवता येईल ते, बाबा. रुमालही काढता येईल."

"काही काढू नकोस."

आता ती चौकट भिंतीवर आहे. तोंड किंचित उघडे, रुमाल तिरका. लोक म्हणतात, बाई काहीतरी बोलतायत असं वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे माणूस असे शून्यावर असेल. सगळ्यांचे पाय जमिनीला टेकवून स्वतः चित्रात न दिसणारे. त्याची पट्टी अधूनमधून वर सरकवत जा. त्याच्यासाठी कुणी हवेत तरंगायची वाट बघू नका.

मुलगी परत गेली. जाताना तिने फोटोवाल्यांना पट्टी सरकवायला शिकवले. आता बाईंच्या खुर्चीत तेच बसतात. माझी पट्टी तिसावर आणतात, गिऱ्हाइकाचे पाय माझ्या पायांशी जुळवतात. त्यांना बाईंपेक्षा वेळ लागतो. काम जुळले तरी थोडा वेळ मला तसेच राहू देतात. मग पट्टी शून्याकडे नेताना हळूच म्हणतात, "ऊठ आता, गिऱ्हाईक आलंय."