जिक्राला कुणी विचारलंच नाही

हैद्राबादच्या दवाखान्याचा फोन आला तेव्हा जिक्रा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खालून अब्बांचा आवाज आला, "जुळलं? पूर्ण जुळलं?" मग अम्मीचं रडणं ऐकू आलं. ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून ती जिना उतरली. अम्मीनं, म्हणजे सालेहानं, तिला छातीशी घट्ट धरलं. "माझ्या लेकीनंच वाचवलं गं माझ्या बाळाला."

बाळ म्हणजे मुज्तबा, सात वर्षांचा. त्याला जन्मापासून थॅलेसेमिया. त्याच्या शरीराला धड तांबड्या पेशी बनवताच येत नव्हत्या, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी नांदेडच्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागे. रक्त चढलं की काही दिवस तो गल्लीभर हुंदडायचा. मग ओठ पांढरे पडायचे आणि तो पायरीवर बसून दुसऱ्या पोरांचा खेळ बघत राहायचा. डॉक्टर म्हणाले होते, यातून सुटायचं तर कुणाचा तरी बोन मॅरो, म्हणजे हाडांतली मज्जा, जुळायला हवा. त्यासाठी घरातल्या सगळ्यांच्या गालांच्या आतून कापसाच्या काडीनं पेशी घेतल्या होत्या. तेव्हा मुज्तबा घाबरून तोंड उघडेना, तर जिक्रानंच त्याला समजावलं होतं, "अरे, आमच्या शाळेत हेच करतात टूथपिकनं. गालातल्या पेशी सुट्याच असतात. बघ, मी आधी देते."

आता तिच्याच पेशी जुळल्या होत्या.

अब्बांनी, लालमहंमद यांनी, देगलूर नाक्यावरचं कूलर-फ्रिज दुरुस्तीचं दुकान अर्ध्या दिवसातच बंद केलं आणि मिठाई घेऊन आले. नात्यातली माणसं जमली. जो तो जिक्राच्या डोक्यावरून हात फिरवत होता. तीही हसत होती. तेवढ्यात फुफी, अब्बांची बहीण, सहज बोलून गेली, "कंबरेचं हाड टोचून आतलं काढतात म्हणे. पोरीची जात, पुढं लग्न व्हायचंय. कमजोरी राहिली म्हंजे?"

अम्मीनं विषय बदलला, पण ते वाक्य जिक्राच्या मनातून जाईना.

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. दहावीचं वर्ष. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. चालताना हात आपोआप कंबरेवर जायचा. हाडातून काढलेलं पुन्हा भरतं का? की विहीर उपसल्यासारखं एकदा रिकामं झालं की झालं? विचारावं कुणाला? अम्मीला विचारलं तर तिला वाटेल, पोरगी मागं सरकून राहिली.

शाळेत पंचशीला मॅडम तेव्हा पेशीविभाजन शिकवत होत्या. त्यांनी कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली आणि एकेकाला बघायला बोलावलं. जिक्रानं डोळा लावला. विटांच्या भिंतीसारख्या पेशी. बहुतेकींत गोल केंद्रक होतं. पण काहींत केंद्रक दिसत नव्हतं, गुणसूत्रांचे धागे सुटे झाले होते. एका पेशीत ते दोन बाजूंना ओढले गेले होते.

"ही पेशी एकीच्या दोन होत होती," मॅडम म्हणाल्या. "काचपट्टी बनवताना ती आहे तशी थांबली. मूळ वाढतं ते असं. जुनी पेशी नवी पेशी बनवते. पेशी आकाशातून पडत नाही."

"मॅडम," जिक्रानं डोळा न काढताच विचारलं, "जितक्या काढल्या तितक्या परत होतात का?"

"कशातून काढल्या?"

"हाडातून."

मागची मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तिला प्रयोगशाळेतच थांबवून घेतलं. जिक्रानं सगळं सांगितलं, फुफीच्या वाक्यासकट.

"मी डॉक्टर न्हाई," मॅडम म्हणाल्या. "मला ठाऊक आहे तेवढंच सांगते. हाडांच्या आत मऊ मज्जा असते. तिथं मूलपेशी असतात. त्या विभागतात, तेव्हा काही मूलपेशीच राहतात आणि काही रक्ताच्या पेशी बनतात. तुझ्या तांबड्या पेशी रोज मरतात आणि रोज नव्या येतात, तुला कळतसुद्धा न्हाई. मज्जेतला थोडा भाग घेतला तर उरलेल्या मूलपेशी तो भरून काढतात. विहिरीचं म्हणशील तर झरा तसाच राहतो. पण दुखतं किती, धोका काय, हे तू डॉक्टरांनाच विचार. तुझा हक्क आहे तो."

जिक्राचं मन थोडं हलकं झालं, पण पूर्ण नाही. ती टेबलावर नखानं रेघा ओढू लागली. मग म्हणाली, "आणि माझ्या पेशी त्याच्या अंगात रुजल्याच न्हाईत तर? मग तो माझ्यामुळं..."

"तुझ्यामुळं न्हाई," मॅडम लगेच म्हणाल्या. मग विचारलं, "घरी बोललीस का हे?"

"मला कुणी विचारलंच न्हाई, मॅडम. सगळ्यांनी धरूनच चाललंय."

ते बोलून गेल्यावर तिला कळलं की इतके दिवस हेच सलत होतं.

घरी अब्बा हैद्राबादच्या गाडीची तिकिटं काढत होते. जिक्रा दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "अब्बा, मला देऊ का म्हणून कुणी विचारलं न्हाई."

मोबाइलवरचा त्यांचा अंगठा थांबला. "त्यात विचारायचं काय, बेटा? भाऊ हाय तुझा."

"हाय ना. म्हणून विचारायचं न्हाई का?"

अम्मी स्वयंपाकघरातून आली. "म्हणजे तुला द्यायचं न्हाई?" तिचा आवाज चिरकला. "आज सांगून राहिलीस? त्याला दवाखान्यात कशी धरून बसते मी, तुला दिसत न्हाई?"

"मी न्हाई म्हटलं का अम्मी? मला भीती वाटते एवढंच—"

अब्बा उठले, चप्पल घातली आणि बाहेर पडले. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. अम्मी तोंडाला ओढणी लावून बसली. आणि मग जिक्राला दिसलं, आतल्या खोलीच्या पडद्याआड मुज्तबा उभा होता.

"आपा, नको देऊ," तो म्हणाला. "मला रक्त चढवायची सवय झालीय."

जिक्रानं त्याला जवळ ओढलं.

अब्बा दिवे लागायच्या वेळी परतले. ते गोदावरीच्या घाटावर जाऊन बसले होते. आल्यावर ते जिक्रासमोर जमिनीवर बसले. दुकानात कूलर उघडून बसतात तसेच, मांडी घालून. "चुकलो," ते म्हणाले. "लई वर्षं फक्त एकाच लेकराकडं बघत राहिलो. तुला धरूनच चाललो. आता विचारतो. तू न्हाई म्हणालीस तरी माझी लेकच राहशील."

जिक्रा रडली. मग म्हणाली, "देते. पण आधी मला डॉक्टरशी एकटीला बोलायचं."

हैद्राबादला तिला वेगळं बोलू द्या म्हणायची गरजच पडली नाही. तिथल्या डॉक्टरबाईंनी स्वतःहूनच आईबापांना बाहेर बसवलं. "तुझी मर्जी आहे की घरच्यांची?" त्यांनी विचारलं. जिक्रानं सगळे प्रश्न विचारले. भूल देतात, कंबरेच्या हाडातून सुईनं मज्जा घेतात, काही दिवस कंबर दुखते, थकवा येतो, काही आठवड्यांत मज्जा भरते, धोका कमी, पण अजिबात नाही असं नाही. शेवटी तिनं विचारलं, "रुजलं न्हाई तर?"

"तसं होऊ शकतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "झालं तर तो त्या आजाराचा दोष. तुझा नाही."

तिनं होकार दिला.

भुलीतून उठली तेव्हा कंबरेत घण घातल्यासारखं दुखत होतं. त्याच दिवशी तिची मज्जा पिशवीतून, रक्तासारखीच, मुज्तबाच्या शिरेत गेली. त्याची स्वतःची मज्जा औषधांनी आधीच संपवली होती. तो काचेपलीकडच्या खोलीत होता, केस गेलेला, तोंडात फोड आलेले. आता नव्या पेशींनी रक्तातून वाट काढत त्याच्या हाडांत जाऊन बसायचं होतं. ते कुणालाही घाईनं करवून घेता येत नव्हतं.

जिक्रा रोज काचेपाशी फेऱ्या मारायची. नर्स "बस की गं" म्हणायची, तरी तिला बसवायचं नाही. मग मुज्तबाला ताप भरला. उतरेना. अम्मीनं खाणं सोडलं, अब्बा प्रत्येक डॉक्टरच्या मागं मागं चालत. जिक्राला सगळं माहीत होतं, दोष नाही वगैरे. तरी तिच्या मनात एकच चाललं होतं: विभागा, विभागा गं बायांनो.

ताप उतरला. त्यानंतर रोज रक्त तपासायचे, आणि एका सकाळी डॉक्टरबाई हसतच आल्या. पांढऱ्या पेशी दिसू लागल्या होत्या. त्याच्या नव्हत्या, जिक्राच्या. "याच्या रक्तातल्या पेशींत आता मुलीची गुणसूत्रं आहेत," त्या म्हणाल्या. मुज्तबा काचेआडून ओरडला, "म्हणजे मी मुलगी झालो?" कित्येक आठवड्यांनी अम्मी खळखळून हसली.

नांदेडला परतले तेव्हा उन्हाळा लागला होता. जिक्राची परीक्षा बुडाली होती. ती जुलैत देणार होती. मुज्तबाला अजून मास्क होता, गोळ्या होत्या, वर्षभर तरी लक्ष ठेवायला सांगितलं होतं. रक्त चढवायची वेळ आली आणि गेली, कुणी दवाखान्यात गेलं नाही. तरी जिक्रा रोज सकाळी त्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायची. तो वैतागायचा. त्या दिवशीही त्यानं तिचा हात झटकला आणि जिना चढत गच्चीवर पळाला, न थांबता, शेवटच्या पायरीपर्यंत. "हळू!" ओरडत जिक्रा त्याच्या मागं धावली. वर पोचेस्तोवर तिलाच धाप लागली होती.